पातेल्यातला वाटा

...हिरवाच. खिडकीशी नेऊन, चष्मा कपाळावर सारून, डोळ्यांजवळ धरून पाहिलं तरी हिरवाच होता तो ठिपका — लाटण्याच्या मुठीवर, ऑइलपेंटचा, मसुराच्या दाण्याएवढा, एका कडेनं टवका उडालेला. आणि आपला तांबडा होता. हे सुगंधाबाईंना आजच कळलं अशातला भाग नाही. ट्रंकेच्या तळाशी शाल शोधताना हे लाटणं दर दोन-चार वर्षांनी हाताला लागायचं, आणि दर वेळी त्या ते असंच खिडकीशी नेऊन बघायच्या, जणू मधल्या काळात रंग बदलला असेल. बदललेला नसायचा. शेजारच्या अकबरीचं लाटणं अकबरीचंच राहायचं.

पापडाचं लाटणं, रेघांचं, अंगठ्याएवढं जाड. गल्लीतल्या बारा घरांची बारा लाटणी एकाच सुताराकडची, सगळी सारखी, संध्याकाळी आवराआवर करताना नेहमी अदलाबदल व्हायची, म्हणून मग कोणीतरी खिडक्यांच्या रंगकामातून उरलेले डबे आणले आणि प्रत्येकीचा ठिपका ठरवून दिला. ते कोणीतरी म्हणजे... मीच की. मी आणले होते डबे. तेही आता कोणाला आठवत नसेल.

शाल सापडली. कडेला बारीक भोकं पडली होती, पण ती बाजू आत दुमडता येईल. लाटणं परत ट्रंकेत टाकायला त्या वाकल्या आणि मग, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं, त्यांनी ते शालीत गुंडाळून कापडी पिशवीत ठेवलं.

आज धुळ्याला जायचं होतं. कॉलेजात अकरा वाजता अकबरीच्या कहकशाचं व्याख्यान होतं, ‘युरोपीय संघ : कोण किती देतं, कोणाला काय मिळतं’, आणि चार दिवसांपूर्वी मोबाइलवर आलेला तिचा निरोप आता पाठ झाला होता. “बाई, नक्की या. भाषणात तुमची आठवण सांगणार आहे.” चार दिवस सुगंधाबाई त्या एका वाक्याभोवती फिरत होत्या. सुरुवातीला सांगेल की शेवटी? नाव घेईल की नुसतं ‘माझ्या बाई’ म्हणेल? ‘माझ्या बाई’ चालेल... पण नाव घेतलं तर बरं. सुगंधा सोनवणे, एकतीस वर्षं इतिहास आणि नागरिकशास्त्र. समाधान धुळ्यातच असतो, पोटचा मुलगा, त्यालाही कळवलं होतं. “बघतो आई, दुकानातून निघता आलं तर,” म्हणाला. निघता आलं तर. आपली आई तीनशे माणसांसमोर कोणाची तरी ‘माझ्या बाई’ होते आहे, हे त्यानं एकदा कानांनी ऐकायला हवं होतं.

शिवाय गेल्या आठवड्यातलं ते पेपरातलं. ‘पिंजाऱ्याच्या लेकीची ब्रुसेल्सपर्यंत मजल.’ फोटोत कहकशा, आणि शेजारी अकबरी, डोक्यावरचा पदर सारखा करतानाच टिपलेली. आणि खाली चौकटीत, ठळक अक्षरांत : ‘जे काही आहे ते अम्मीमुळे.’ जे काही? सुगंधाबाईंनी ते तीनदा वाचलं होतं. अम्मीला युरोप कोणत्या दिशेला येतो ते तरी सांगता येईल का? ...असं मनात आलं की त्यांना स्वतःचीच शिसारी यायची, आणि शिसारी येऊन गेली की ते पुन्हा मनात यायचं.

बाहेर हॉर्न वाजला. नासीरची व्हॅन. अकबरीचा मोठा मुलगा. बापाचा पिंजण्याचा धंदा त्यानं गाद्यांच्या दुकानापर्यंत आणला होता, आणि व्हॅनमध्ये कापसाचा तो कोरडा, नाकात हुळहुळणारा वास भरलेला होता. मागच्या सीटवर अकबरी आधीच सरकून बसली होती.

“या बाई, इकडून या. उन्हाची बाजू मी घेतली आहे.”

“अगं, तुला कशाला ऊन? मला चालतं.”

“चालतं काय! परवा डॉक्टरकडे कोण गेलं होतं? बसा तुम्ही गपचूप.”

झालं. बसायच्या आधीच अकबरीनं काहीतरी दिलं होतं आणि आपण घेतलं होतं. चाळीस वर्षं ही अशीच. मी तिला ‘तू’ म्हणते, ती मला ‘तुम्ही’ म्हणते, आणि तरी देण्याची बाजू नेहमी तिच्याकडे कशी जाते कोण जाणे. तिच्या मांडीवर डबा होता. कहकशासाठी असणार. पण अकबरी म्हणाली, “तुमच्यासाठी धपाटे वेगळे बांधलेत, लसूण नाही घातला. मिरचीही कमी.”

“लक्षात ठेवतेस हं सगळं.”

“आता तेवढंच तर काम उरलं आहे, बाई.”

नासीर आरशातून हसला. “अम्मी रात्रीपासून तयार आहे, बाई. मी म्हटलं, लेक्चर कहकशाचं आहे, तुझं नाही.”

“गाडी बघ समोर,” अकबरी म्हणाली.

मेहरूणचा तलाव मागे गेला, शहर मागे गेलं, पाळधीच्या पुढे केळीचे मळे सुरू झाले, आणि सुगंधाबाईंनी शाल गळ्याशी घट्ट केली. थंडी सरत आली होती. सावलीची बाजू, म्हणून जरा बोचत होती. तेही मग अकबरीच्याच खात्यावर...

कहकशा पहिल्यांदा दारात आली त्या वर्षी हे गेले होते. समाधान दहा वर्षांचा. जळगावात त्याच्याकडे बघायला दिवसभर कोणी नाही म्हणून धुळ्याला नणंदेकडे शाळेत घातला, आणि सकाळची शाळा आटोपून सुगंधाबाई साडेबाराला घरी आल्या की संध्याकाळपर्यंत त्या घरात भिंतीवरच्या घड्याळाशिवाय काही हलत नसे. अशा एका दुपारी दारात ही पोर उभी होती. बारा वर्षांची, वेणीत कापसाची पिंजण अडकलेली, हातात भूगोलाचं पुस्तक. घरात एकच खोली आणि त्यात पिंजण्याचं यंत्र; धुळीनं खोकला यायचा, आवाजानं अक्षर डोक्यात शिरायचं नाही. “अम्मीनं विचारलं, तुमच्या ओसरीवर बसू का?” बस म्हटलं. त्या दिवशी ओसरीवर बसली, आठ दिवसांनी आतल्या खोलीत, पावसाळ्यात टेबलाशी. केसांतली पिंजण सुगंधाबाई एकेक तंतू करून वेचायच्या आणि खिडकीतून फुंकरायच्या. मग शिकवायच्या. अभ्यासक्रमातलं आणि त्यापलीकडचं. मी तिला कोळसा आणि पोलाद शिकवलं, युद्धानंतर युरोपातल्या सहा देशांनी एकत्र केलेलं. आठवीच्या पुस्तकात ते तीन ओळींत होतं, पण मी आठवडाभर शिकवलं.

“पण बाई, सगळ्यांनी कोळसा एकत्र का केला? ज्याचा त्याचा ठेवायचा ना.”

“म्हणजे मग कोणाला एकट्यानं, गुपचूप, तोफा ओतता येणार नाहीत. तुझ्या घरातला दारूगोळा माझ्या डोळ्यांसमोर, माझा तुझ्या.”

पोरगी विचारात पडली होती. विचारात पडली की खालचा ओठ दातांत धरायची. आणि मग त्या सहा देशांची नावं पाठ करायला सुगंधाबाईंनी तिला हात दाखवला होता. फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स, झाली पाच बोटं. आणि सहावा हा, दुसऱ्या हाताचा अंगठा, शेजारी आणून उभा करायचा. लक्झेंबर्ग. एवढासा देश, पाहुण्यासारखा आलेला, पण त्याच्याशिवाय मोजणी पुरी नाही. पोरगी हसली होती. पुढे काहीही मोजायचं असलं की ती तसंच मोजायची.

तीन वर्षं. रोज दोन-अडीच तास. किती होतात? ...सुगंधाबाईंनी हे पूर्वी मांडलेलं होतं. सुट्ट्या वजा जाता दीड हजार तासांच्या वर. नोकरीतल्या एकाही वर्गाला त्यांनी एवढं दिलं नव्हतं. समाधानला तर नाहीच नाही.

“झोप लागली का, बाई?” अकबरी हळूच म्हणाली.

“नाही गं. बघतेय.”

एरंडोल गेलं. कापसाच्या गाड्या जिनिंगच्या फाटकाशी रांगेत उभ्या होत्या. पारोळ्याच्या अलीकडे ऊन खरंच चढलं आणि अकबरीनं रुमाल काढून आपल्या बाजूच्या काचेत अडकवला, आणि ते पाहताना सुगंधाबाईंना तिचा हात दिसला, तोच तो, लांब बोटांचा, मनगटाशी बारीक. बारा घरांत सगळ्यांत पातळ पापड त्या हाताचा. आधी एकदोघींनी नाकं मुरडली होती, पिंजाऱ्याच्या घरची आपल्या पोळपाटाशी कशी म्हणून. पण तिचा पापड उन्हात धरला की पलीकडची निंबाची फांदी दिसायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याच दोघी तिच्या दारात आधी नंबर लावायला. नियम साधा होता. ज्या घरी पापड त्या घरी बाराही पोळपाट. कोणाचे दहा किलो, कोणाचे पाच. पिठाचा गोळा तेल लावून कुटायचा, दोऱ्यानं त्याच्या लाट्या कापायच्या, गोल करून बसायचं आणि ऊन उतरेपर्यंत लाटायचं. ज्वारीचं पीठ शिजवून थापायच्या बिबड्यांसाठी सोनगीरहून आणलेलं भलंमोठं पितळी पातेलं होतं, बारा घरांनी मिळून घेतलेलं. ते त्या त्या दिवशी त्या त्या अंगणात जायचं.

सुगंधाबाईंचा पापड कधी गोल झाला नाही. “बाई, हा कोणता देश?” अशी थट्टा चालायची, आणि कहकशा लांबून ओरडायची, “इटली! इटली! बूट आला बघा खाली!” शेवंताबाई धुळ्याकडच्या, अहिराणी बोलणाऱ्या, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणायच्या, “बाईसले बठ्ठं मोजता येस, फक्त लाटता येत नही.” सगळं मोजता येतं, लाटणंच तेवढं येत नाही, यावर सगळ्या हसायच्या. सुगंधाबाईही हसायच्या. तेव्हा हसू यायचं.

आणि मग तो एक मेचा दिवस. शेवंताबाईंच्या अंगणात दहा किलो. नववीचा निकाल. सुगंधाबाईंना गुण आधीच ठाऊक होते, शाळेतच त्या, पण त्यांनी मुद्दाम सांगितलं नव्हतं. पोरीनं पळत येऊन आपल्या हातात कागद ठेवावा, तो क्षण त्यांनी बाजूला काढून ठेवला होता. आली. पळतच आली. पहिली आली होती वर्गात. सुगंधाबाईंनी पिठाचा हात पदराला पुसला आणि पुढे केला...

त्याच क्षणी अकबरीनं एक लाटी उचलली, तेलात बुडवली आणि लेकीच्या तोंडात भरवली. बस्स, एवढंच. पोरगी तोंड भरलेलं तशीच आईच्या मांडीत बसली, चौदा वर्षांची घोडी, लहान बाळासारखी, आणि कागद पिठाच्या परातीत पडला. कोणी उचलला नाही. सुगंधाबाईंचा हात मात्र तसाच पुढे राहिला. मग त्या हातानं त्यांनी कपाळावरचा घाम पुसला, जणू तो त्यासाठीच निघाला होता.

दहा मिनिटांनी त्या बोलल्या. “मी जरा विचार करत होते,” असं, वर्गात बोलतात त्या आवाजात. “मी अकरा घरी अकरा दिवस येते. माझ्या घरी एकटीचे दोन किलो पापड, ते तुम्ही सगळ्या मिळून पावणेदोन तासांत उरकता. मेच्या सुट्टीत मला पेपर तपासायचे असतात. हे काही बरोबरीचं नाही.” आकडे अचूक होते. मग शेवंताबाई म्हणाल्या, मान वर न करता, “मंग पातेलामातला तुमना वाटा कापी देऊ का, बाई?”

ते हसणं... त्या हसण्यात सुगंधाबाईंनी समोरचं लाटणं उचललं आणि त्या निघाल्या. घरी आल्यावर पाहिलं तर ठिपका हिरवा.

परत करायला गेल्या नाहीत. अकबरीही मागायला आली नाही.

धुळ्याचं सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवलेल्या, एकीवर कागद : ‘अम्मी’. दुसरीवर : ‘बाई’. सुगंधाबाईंनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. समाधान दिसला नाही. मंचावर कहकशा. चाळिशी उलटलेली, कानशिलाशी पांढरी झाक, सुती साडी. बोलायला लागण्याआधी तिनं खालचा ओठ दातांत धरला.

चांगली बोलली. माझ्यापेक्षा चांगली, असं त्यांनी स्वतःला प्रामाणिकपणे सांगितलं. सुरुवात कोळसा आणि पोलाद, एकोणीसशे एक्कावन्न. “सहा देश,” ती म्हणाली, “फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स...” हात वर, बोटं एकेक उघडत, आणि मग दुसऱ्या हाताचा अंगठा अलगद शेजारी येऊन उभा राहिला. “...आणि लक्झेंबर्ग.”

सुगंधाबाई खुर्चीत पुढे सरकल्या. आता. आता म्हणेल, हे मला ज्यांनी शिकवलं त्या... पण नाही, तिला ठाऊकच नव्हतं तिनं काय केलं. अंगठा खाली गेला आणि ती पुढे गेली. प्रत्येक देश आपल्या उत्पन्नाच्या प्रमाणात भरतो, बाहेरून येणाऱ्या मालावरचं शुल्क त्यात जातं, आणि ते शेतकऱ्यांना, मागास भागातल्या रस्त्यांना, विद्यापीठांना परत वाटलं जातं. जर्मनी सगळ्यांत जास्त देतो आणि तेवढं त्याला परत येत नाही. पोलंडला बरीच वर्षं भरल्यापेक्षा जास्त मिळत आलं. “मग जर्मनी मूर्ख आहे का?” तिनं विचारलं. “जर्मनीच्या मोटारी कुठे विकल्या जातात ते बघा. पोलंडमधला नवा रस्ता कोणाच्या ट्रकांनी भरलाय ते बघा. वर्गणीच्या पावतीवर ते छापलेलं नसतं.” ब्रिटननं मात्र पावतीच पाहिली. दर आठवड्याला आपण एवढे कोटी पाठवतो, असा आकडा एका बसवर रंगवून देशभर फिरवला. “लाल बस होती. आपल्या एसटीसारखी.” हशा.

“हे मला ब्रुसेल्समध्ये कळलं नाही,” कहकशा म्हणाली, आणि तिची नजर पुढच्या रांगेकडे आली. “हे मला जळगावात, मेहरूणमध्ये कळलं. आमच्या गल्लीत बारा घरांचा संघ होता. पापडांचा.”

सुगंधाबाईंनी पिशवी दोन्ही हातांनी धरली.

ती सांगत गेली. बाराही पोळपाट, दहा किलो, दोन किलो, सोनगीरचं पातेलं. सभागृह खुशीत आलं होतं. धुळ्यात पापड कोणाला सांगायला लागतात? “आणि एका उन्हाळ्यात आमच्या एका बाईंनी हिशोब मांडला. मी अकरा दिवस देते, मला मिळतो दीड तास. आकडा शंभर टक्के बरोबर. त्या संघातून बाहेर पडल्या. तेव्हा गल्लीतल्या एका काकूंनी विचारलं, पातेल्यातला वाटा कापून देऊ का?” अख्खं सभागृह हसलं. खुर्च्या हलल्या. “ब्रिटन निघालं तेव्हा मी तिथे होते. चार वर्षं मी हाच प्रश्न ऐकत होते, फक्त इंग्रजीत. आणि तिथे कोणी हसत नव्हतं.”

मग तिचा आवाज उतरला. “बाईंचं मोजणं चुकलं नव्हतं. त्यांनी जे मोजलं ते बरोबर मोजलं. पण त्या उन्हाळ्यानंतर त्यांच्या दाराची कडी वाजवायला गल्लीतल्या बायकांना काही कारणच उरलं नाही. ते कुठल्या रकान्यात लिहायचं?”

टाळ्या. सुगंधाबाईंनीही वाजवल्या. सगळ्यांबरोबर, तेवढ्याच. म्हणजे ही ती आठवण. हीच. दीड हजार तासांतून पोरीला दाखवण्यासारखा निघाला तो माझा एक दिवस, मी उठून गेले तो. मी तिच्या भाषणात आले ती ब्रिटन म्हणून. आणि शेजारी ही अकबरी, हात मांडीवर, पदर सारखा केलेला, न भरता सगळं मिळालेली... नाव नाही घेतलं, एवढी दया केली. समाधान आला नाही ते बरंच झालं.

नंतर कहकशा खाली आली, आईच्या गळ्यात पडली, मग सुगंधाबाईंच्या. अत्तराचा आणि खडूचा वास. “बाई, राग नाही ना आला? उदाहरण इतकं चपखल होतं, मोह आवरला नाही.”

“राग कसला,” सुगंधाबाई म्हणाल्या. “फक्त दीड तास नव्हे. पावणेदोन.”

कहकशा खळखळून हसली. तिला वाटलं, थट्टा.

परतताना अकबरी पुन्हा आधी चढली आणि पुन्हा उन्हाची बाजू घेऊन बसली. ऊन आता दुसरीकडून येत होतं, आणि तिनं ते बघून घेतलं होतं. धपाटे खाल्ले. चांगले होते. नासीर फोनवर गिऱ्हाइकाशी गादीच्या मापाबद्दल बोलत होता, कानात वायर. मुकटी गेलं.

“पोरीनं सांगितलं ते बरोबर नाही,” अकबरी एकदम म्हणाली.

“काय बरोबर नाही?”

“तुम्ही हिशोबासाठी नव्हत्या उठल्या.”

सुगंधाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. बाहेर एका शेतात कोणी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून त्यांचे ढीग लावले होते, एकापुढे एक, एकसारखे.

“लाटी मी मुद्दाम भरवली होती, बाई.” आवाज शांत, भाजीचा भाव सांगावा तसा. “तुमचा हात पुढे आलेला मला दिसला. दिसला म्हणूनच भरवली.”

“काहीतरीच...”

“काहीतरीच नाही. दोन वर्षं मी ऐकत होते. बाई म्हणतात असं, बाई म्हणतात तसं. अम्मी, तुला नाही कळायचं, बाईंना विचारते. घरात रोट्या मोजायची ना, तर पाच बोटं झाली की दुसऱ्या हाताचा अंगठा. मी तव्यापुढे बसून बघायची. माझ्या घरात तुमचा हात फिरायचा, बाई.” ती थोडं हसली. “जलन व्हायची. खोटं कशाला बोलू? आज पण झाली. तिनं स्टेजवर अंगठा धरला ना, तेव्हा मी म्हटलं, घ्या, आल्या बाई. तीनशे लोकांत माझं काहीच नाही दिसलं, तुमचं दिसलं.”

नासीर म्हणत होता, “सहा बाय साडेसहा, हां, त्यात कापूस जास्त जाईल...”

“मग पाठवलीस कशाला?” सुगंधाबाईंचा आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा कोरडा निघाला. “माझ्याकडे. त्यानंतरही वर्षभर पाठवत होतीस.”

“तिला पाहिजे होतं ना,” अकबरी म्हणाली, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. मग, “आणि तुमचं घर... साहेब गेलेले, समाधान तिकडे. मी म्हणायची, जाऊ दे. दोन तास त्यांच्याकडे पण राहू दे.”

त्यांच्याकडे पण राहू दे.

सुगंधाबाईंनी ते वाक्य आधी एका बाजूनं पाहिलं, मग दुसऱ्या. म्हणजे मी देत होते ते... म्हणजे ती रोज वेणीत पिंजण घेऊन दारात उभी राहायची, आणि मला वाटायचं की माझ्याकडून जातंय, रोज जातंय, आणि पलीकडच्या घरात तव्यापुढे बसलेली ही बाई समजत होती की तिच्याकडून जातंय. आणि दुपारचं ते घड्याळ, जे ती आली की ऐकू येईनासं व्हायचं... राग आला. खरोखरचा राग आला; कुणी आपल्याला न विचारता, न सांगता, वर्षानुवर्षं काहीतरी देत होतं, आणि आपण घेत होतो, आणि वर ‘तू’ म्हणत होतो. दया करत होती की काय माझ्यावर? पिंजाऱ्याची बायको, माझ्यावर?

पण रागाच्या खाली आणखी काहीतरी हलत होतं, आणि ते राग नव्हतं. जलन व्हायची, म्हणाली. माझी. तीन वर्षं, रोज. आज पण. जिच्या मांडीत ती पोर बसली, जिचं नाव चौकटीत ठळक छापलं, तिला माझा हेवा वाटत होता. मी अंगणातून उठून घरी येऊन एकटी बसले होते त्या संध्याकाळी, पलीकडच्या खोलीत ती रोट्या मोजणारा अंगठा बघत बसली होती...

त्यांचा हात पिशवीत गेला होता. शालीच्या घडीत लाटणं लागलं, रेघा लागल्या, मग मूठ. सांगायचं होतं, अगं, तुझं हे माझ्याकडे राहिलंय. शब्द ओठांपर्यंत आले. अकबरी तिच्या बाजूच्या काचेत रुमाल अडकवत होती, तो पुन्हा पुन्हा सुटत होता, आणि तिच्या अर्ध्या तोंडावर ऊन पडलं होतं.

एवढ्यात नको, सुगंधाबाईंना वाटलं. आणखी थोडं राहू दे माझ्याकडे.

पारोळा आलं, गेलं. मोजायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करावी ते कळेना. पिशवीतल्या पिशवीत त्यांचा अंगठा त्या टवका उडालेल्या ठिपक्यावर फिरत राहिला, आणि मध्येच, काही कारण नसताना, तोंडात उडदाच्या कच्च्या लाटीची चव आली. तेलात बुडवलेली, हिंगाची, जिभेला किंचित चुणचुणणारी. इतकी स्पष्ट, की त्यांनी तोंड घट्ट मिटून घेतलं. त्या दिवशी त्यांना कोणी ती भरवली नव्हती.